हेलेनिस्टिक काळातलं सोन्याचं नाणं कसं ओळखावं, कसं वाचावं

लिलावाच्या यादीत किंवा संग्रहालयाच्या काचेआड ‘सिकंदराचं सोन्याचं नाणं’ अशी चिठ्ठी दिसली, की आधी एकच प्रश्न विचारावा. हे त्यानं पाडलेलं आहे, की त्याच्या नावानं पाडलेलं? अलेक्झांडर म्हणजेच सिकंदर इ.स.पू. 323मध्ये बॅबिलोनला वारला, आणि त्यानंतरच्या ग्रीक राजांच्या काळाला हेलेनिस्टिक काळ म्हणतात. अलेक्झांडरच्या नावाचे स्टेटर, म्हणजे त्या काळची मुख्य सोन्याची नाणी, मात्र पुढे कित्येक पिढ्या मॅसिडोनियापासून काळ्या समुद्राच्या काठापर्यंत निघत राहिले. अलेक्झांडरचा सेनापती आणि पुढे राजा झालेला लायसिमॅकस, त्याचं तर याहून नवल. हा राजा इ.स.पू. 281मध्ये रणांगणावर पडला, पण त्याच्या नावाचे स्टेटर इ.स.पू.च्या पहिल्या शतकात, काळ्या समुद्राकाठच्या पाँटस राज्याचा राजा सहावा मिथ्रिडेटीस याच्या काळातही पाडले जात होते. मधे जवळजवळ दोनशे वर्षं गेली होती.

म्हणून या नाण्यांच्या बाबतीत राजाच्या नावावर सगळ्यात कमी भिस्त ठेवावी. आधी वजन, मग चित्र, मग नाव आणि शेवटी चित्राच्या आजूबाजूला दडलेल्या बारीक खुणा, या क्रमानं गेलं तर नाणं आपला पत्ता सांगतं. खाली हाच क्रम सविस्तर दिला आहे. नाणं हातात असो वा पडद्यावर फोटो असो, पद्धत तीच. फोटोच्या बाबतीत वजन विक्रेत्यानं किंवा संग्रहालयानं दिलेलं घ्यायचं, एवढाच फरक.

पहिली पायरी: काटा

साहित्य फार लागत नाही. 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा (0.001चा मिळाला तर फारच उत्तम), दहापट मोठं दाखवणारं भिंग, मऊ कापड आणि मिलिमीटरची पट्टी एवढं पुरे. नाणं कडेनं धरावं आणि कापडावरच ठेवावं. हे सोनं जवळजवळ बावनकशी आहे, म्हणजे मऊ आहे. फरशीवर एकदा पडलं तरी दोन हजार वर्षं जपलेली कड चेपते.

अलेक्झांडरचा स्टेटर साधारण 8.6 ग्रॅमचा असतो, म्हणजे 11.66 ग्रॅमच्या जुन्या तोळ्याच्या हिशेबानं पाऊण तोळ्याला किंचित कमी. व्यास 18 मिलिमीटरच्या आसपास. याला अथेन्सचं म्हणजे अ‍ॅटिक वजनमान म्हणतात. अलेक्झांडरचा बाप दुसरा फिलिप (इ.स.पू. 359 ते 336) यानं पँगायन डोंगराच्या परिसरातल्या सोन्यातून जे स्टेटर पाडले तेही याच वजनाचे. दोन राजांची चित्रं वेगळी असूनही नाणी बाजारात एकत्र फिरत होती ती त्यामुळेच. 1930मध्ये कोरिंथच्या उत्खननात 51 स्टेटरांचा निधी मिळाला. त्यात 41 फिलिपचे आणि 10 अलेक्झांडरचे होते, सोबत सोन्याचा एक हार.

दुप्पट स्टेटर 17.2 ग्रॅमचा. पाव स्टेटरही आहेत आणि त्यांच्या मागच्या बाजूला धनुष्य व गदा दिसते. 7.1, 17.8 किंवा 27.8 ग्रॅम असा आकडा आला, तर तुम्ही इजिप्तमध्ये, अलेक्झांडरचा सेनापती टॉलेमी याच्या घराण्याच्या राज्यात आहात. 8.3च्या आसपास आलं आणि चित्र वज्र फेकणाऱ्या झ्यूसचं असलं, तर बॅक्ट्रिया, म्हणजे आजच्या अफगाणिस्तानाच्या उत्तरेचं राज्य. काळ्या समुद्राकाठचे उशिराचे लायसिमॅकस स्टेटरही 8.6पेक्षा थोडे हलकेच भरतात. चित्र बघण्याआधीच वजन एवढं सांगून जातं.

आठ ग्रॅमच्या या चकतीला किंमत किती होती? अलेक्झांडरच्या व्यवस्थेत एक स्टेटर म्हणजे चांदीचे 20 ड्राक्मा. ड्राक्मा 4.3 ग्रॅमचा, म्हणजे 86 ग्रॅम चांदीला 8.6 ग्रॅम सोनं. प्रमाण सरळ दहास एक. त्याआधी इराणच्या साम्राज्यात 8.35 ग्रॅमच्या सोन्याच्या डॅरिकला सुमारे साडेपाच ग्रॅमचे 20 चांदीचे सिग्लोस मिळत, म्हणजे प्रमाण तेरा आणि एकतृतीयांश. सोनं चांदीच्या मानानं एवढं उतरलं, त्याचा संबंध आधी फिलिपच्या खाणींशी आणि मग इराणी खजिन्यांशी जोडला जातो. डायोडोरस या इतिहासकारानं सुसाला 40,000 टॅलंट (एक टॅलंट म्हणजे सुमारे 26 किलो) सोनं-चांदी व वर 9,000 टॅलंटचे डॅरिक आणि पर्सेपोलिसला 1,20,000 टॅलंट असे आकडे दिले आहेत. असा हिशेब आपल्याकडेही कोरलेला आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात यानं 70,000 कार्षापण (चांदीची नाणी) म्हणजे 2,000 सुवर्ण (सोन्याची नाणी), एका सुवर्णाला 35 कार्षापण, असा दर दगडात नोंदवून ठेवला आहे. काळ पुढचा, राज्य वेगळं, पण वाचायला शिकावं असा तोही लेख आहे.

दुसरी पायरी: कस, पण कसोटीवर न घासता

सराफाकडे नेऊन कसोटीच्या दगडावर घासणं ही या नाण्याची हानी आहे. आम्ल तर मुळीच नको. पाण्यातलं वजन घ्यावं.

पेलाभर पाणी काट्यावर ठेवा आणि काटा शून्यावर आणा. नाण्याला अगदी बारीक धागा बांधून ते पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला किंवा काठाला टेकणार नाही असं लोंबतं धरा. नाण्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे हळूच हलवून घालवा. काटा आता जो आकडा दाखवतो, तो नाण्यानं बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. समजा नाणं 8.60 ग्रॅमचं आहे आणि आकडा 0.45 आला. भागाकार 19.1. शुद्ध सोन्याचं विशिष्ट गुरुत्व 19.3, तेव्हा हे उत्तर समाधानाचं. तेच नाणं 22 कॅरटच्या सोन्याचं असतं तर आकडा 0.49च्या जवळ गेला असता आणि उत्तर साडेसतराच्या वर थोडं. आत चांदी आणि वर मुलामा असता तर 0.80च्या पुढे.

इथे काट्याची मर्यादा ध्यानात ठेवावी. 0.01चा काटा एका घरानं चुकला तर उत्तर 18.7 किंवा 19.5 येतं. म्हणून निदान पाच वेळा मोजून मधलं उत्तर धरावं. आणि टंगस्टन हा धातू सोन्याइतकाच जड, 19.25. तो आत घालून वर सोनं चढवलं तर ही चाचणी फसते. शिवाय खऱ्या सोन्यात आज ठोकलेलं बनावट नाणं या चाचणीत सुखरूप पास होणारच. धातू खरा आहे एवढंच इथे कळतं. नाणं खरं आहे का, ते अजून कळलेलं नाही.

तिसरी पायरी: चित्र

सुरुवातीला चार-पाच जोड्या पक्क्या कराव्यात, पुष्कळ नाणी त्यांतच बसतात.

फिलिप दुसरा: पुढच्या बाजूला पानांचा मुकुट घातलेला अपोलो, मागे धावता दोन घोड्यांचा रथ. हे नाणं पश्चिमेकडे इतकं गेलं, की गॉलमधल्या (आजच्या फ्रान्समधल्या) केल्टिक टोळ्यांनी त्याच्या नकला केल्या. नकलेची नक्कल होत होत अपोलोचे केस हेच चित्र होऊन बसलं आणि रथाची चाकं, घोड्याचे पाय सुटे विखुरले.

अलेक्झांडर: पुढे तुरेवाल्या कोरिंथियन शिरस्त्राणातली अथीना, उजवीकडे तोंड. मागे पंखवाली विजयदेवता नायकी उभी, एका हातात माळ आणि दुसऱ्या हातात जहाजाच्या मागच्या भागावर रोवतात तसला दांडा, त्याला वर आडवी पट्टी. अलेक्झांडरचा स्वतःचा चेहरा या नाण्यावर नाही. विक्रेत्यांची वर्णनं वाचताना हे पक्कं लक्षात असू द्या.

अलेक्झांडरचा चेहरा येतो तो लायसिमॅकसच्या नाण्यावर. कानाजवळून वळलेलं मेंढ्याचं शिंग, अ‍ॅमॉन देवाची खूण, म्हणजे मृत राजा आता देव झालेला. मागे बसलेली अथीना आणि तिच्या तळहातावर चिमुकली नायकी. चित्र अलेक्झांडरचं, नाव लायसिमॅकसचं.

सेल्यूकस पहिला (अलेक्झांडरचा सेनापती, पश्चिम आशियातल्या राज्याचा संस्थापक, मृत्यू इ.स.पू. 281) आणि त्याचा मुलगा पहिला अँटिओकस यांच्या नाण्यांत विविधता आहे. अपोलो बाण हातात घेऊन डेल्फीच्या पवित्र दगडावर बसलेला दिसला, तर सेल्यूकसच्या घराण्याकडे वळावं.

चौथी पायरी: अक्षरं

ग्रीक भाषा येण्याची गरज नाही, दहा-बारा अक्षरांचे आकार पुरेत. पूर्ण त्रिकोण म्हणजे ‘द’, डेल्टा. खालची रेघ नसलेला, छपरासारखा आकार म्हणजे ‘ल’, लॅम्डा. त्याच छपरात मधे आडवी रेघ आली की ‘अ’. इंग्रजी ‘पी’सारखं दिसतं ते ‘र’ वाचायचं, इथेच नवखे हमखास अडखळतात. गोलातून उभी रेघ गेली तर ‘फ’. इंग्रजी ‘एम’ आडवा पाडल्यासारखा आकार म्हणजे ‘स’. झाडाच्या बेचक्यासारखं अक्षर म्हणजे उप्सिलॉन, आणि त्याच्या आधी गोल आला की दोघांचा मिळून उच्चार ‘ऊ’.

राजांची नावं नाण्यावर ‘अमक्याचं’ अशा रूपात येतात, म्हणून त्यांच्या शेवटी बहुधा हीच गोल-बेचक्याची जोडी असते: अलेक्सांद्रू, फिलिप्पू, ल्युसिमाखू, प्टोलेमायू, सेलेउकू, अँटिओखू. शेवट सगळ्यांचा सारखा, तेव्हा नाव पहिल्या दोन-तीन अक्षरांवरून ओळखायचं. सोबत ‘बासिलेओस’ असेल तर तो ‘राजाचं’. अलेक्झांडरच्या नाण्यांवर ही पदवी सुरुवातीला नसते, ती नंतर आणि काही टाकसाळींतच येते.

आता चित्र आणि नाव एकत्र ठेवून बघण्याची खरी परीक्षा. ‘फिलिप्पू’ लिहिलंय आणि मागे रथ आहे, तर तो दुसरा फिलिप किंवा त्याच्या पश्चात त्याच घाटणीनं काढलेलं नाणं. पण ‘फिलिप्पू’ लिहिलंय आणि चित्र अथीना-नायकीचं आहे, तर तो दुसरा फिलिप नव्हेच. तो तिसरा फिलिप अ‍ॅरिडियस, अलेक्झांडरचा सावत्र भाऊ. अलेक्झांडरनंतर सेनापतींनी त्याला गादीवर बसवला आणि इ.स.पू. 317मध्ये अलेक्झांडरची आई ऑलिंपियास हिनं त्याला मारवला. नाव एकच, माणसं दोन. नुसतं नाव वाचणारा इथे फसतो.

अक्षरांचा सराव महाराष्ट्रातल्या चांदीवरही करता येतो. 1906मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभी इथे नहपानाच्या 13 हजारांहून अधिक नाण्यांचा निधी मिळाला. त्यांवर राजाच्या डोक्याभोवती ग्रीक अक्षरं आहेत आणि बहुतेक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा पुन्हा मारला आहे. काही नाण्यांवर अक्षरं सुबक, काहींवर कारागिराला ती वाचता येत नव्हती हे स्पष्ट दिसतं.

पाचवी पायरी: कोपऱ्यातल्या खुणा

माझ्या मते या सगळ्या उद्योगाचा गाभा इथे आहे. नायकीच्या पंखाखाली, पायाशी, डाव्या बाजूच्या मोकळ्या जागेत भिंग फिरवा. त्रिशूळ, दोन कानांचा प्याला, वज्र, एकात एक गुंफलेली अक्षरं असं काहीतरी सापडेलच. या खुणा टाकसाळीच्या किंवा त्या वेळच्या जबाबदार अधिकाऱ्याच्या. त्रिशूळ, कानांचा प्याला किंवा वज्र असलेले स्टेटर सहसा मॅसिडोनियातल्या अ‍ॅम्फिपोलिस टाकसाळीच्या नावावर लावतात. ‘म’ आणि ‘लॅम्डा-उप्सिलॉन’ ही जोडी बॅबिलोनची. फिनिशियातल्या, म्हणजे आजच्या लेबननच्या किनाऱ्यावरच्या, सायडनच्या नाण्यांवर तर फिनिशियन अक्षरांत वर्षच दिलेलं असतं. ती गणना इ.स.पू. 333/332पासून, म्हणजे अलेक्झांडरनं ते शहर घेतलं तेव्हापासून धरतात. अडीच हजार वर्षांपूर्वीचं नाणं आणि साल वर्षापर्यंत नेमकं, असं भाग्य या विषयात क्वचित लाभतं.

खूण एकटी वाचू नये. लायसिमॅकसच्या स्टेटरवर अथीनेच्या आसनाखाली आडवा त्रिशूळ दिसला तर ते अ‍ॅम्फिपोलिस नव्हे. ते बायझँटियन, आजचं इस्तंबूल, किंवा त्याचं अनुकरण करणारी काळ्या समुद्राकाठची गावं. तिथली उशिराची नाणी रेघेवरून लगेच कळतात. चेहरा ताठर होतो, केस दोऱ्यांसारखे सुटे पडतात.

जुळवणी करण्यासाठी न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीची तीन मोफत संकेतस्थळं आहेत: अलेक्झांडरसाठी ‘पेला’, शिवाय ‘सेल्यूसिड कॉइन्स ऑनलाइन’ आणि ‘टॉलेमिक कॉइन्स ऑनलाइन’. राजा, धातू, टाकसाळ आणि खुणा निवडत गेलं की त्या जातीची संग्रहालयांतली नाणी फोटोंसह समोर येतात. लिलावांच्या वर्णनात ‘प्राइस’ आणि पुढे आकडा दिसतो तो मार्टिन प्राइस यांनी 1991मध्ये प्रसिद्ध केलेल्या सूचीतला क्रमांक. तो आकडा ‘पेला’मध्ये टाकून पडताळावा. विक्रेत्याचा शब्द प्रमाण मानू नये.

इजिप्त: वेगळं वजन, वेगळा कायदा

टॉलेमी पहिला यानं अ‍ॅटिक वजनमान सोडून दिलं. चांदीचा टेट्राड्राक्मा (चार ड्राक्मांचं नाणं) 17.2 ग्रॅमवरून टप्प्याटप्प्यानं सुमारे 14.2वर आणला आणि हलका स्टेटर काढला. या 7.1 ग्रॅमच्या स्टेटरवर मागे चार हत्तींचा रथ आणि त्यात उभा अलेक्झांडर आहे. देशात परकं नाणं चालेनासं केलं. बाहेरून आलेल्या व्यापाऱ्यानं आपलं जड नाणं द्यायचं आणि टॉलेमीचं हलकं घ्यायचं. फरक सरकारजमा.

ही व्यवस्था प्रत्यक्ष कशी चालायची याचा एक अस्सल कागद शिल्लक आहे. इ.स.पू. 258मध्ये डिमेट्रियस नावाच्या अधिकाऱ्यानं दुसऱ्या टॉलेमीचा अर्थमंत्री अपोलोनियस याला लिहिलेलं पत्र. परदेशी लोक जहाजानं येतात, आपलं सोनं आणि जुनी नाणी नव्या नाण्यांत बदलून मागतात, पण ती स्वीकारायला कुणी तयार नाही, लोक खवळले आहेत आणि सोनं नुसतं पडून आहे, अशी त्याची तक्रार. पपायरसवरच्या त्या ओळी वाचल्या, की काचेमागचं नाणं एकदम खिडकीवरच्या रांगेत येऊन उभं राहतं.

पत्रातलं ते नवं नाणं म्हणजे म्नाइआयन, 27.8 ग्रॅम सोनं, चांदीच्या 100 ड्राक्मांच्या मोलाचं. टॉलेमींचा ड्राक्मा सुमारे 3.55 ग्रॅमचा. हिशेब मांडला तर सोनं-चांदीचं प्रमाण पावणेतेराच्या वर जातं.

या जातीची दोन नाणी ओळखून ठेवावीत. एकावर दोन जोडपी: एका बाजूला दुसरा टॉलेमी आणि त्याची बहीण व राणी दुसरी आर्सिनोई, दुसऱ्या बाजूला त्यांचे आईबाप पहिला टॉलेमी आणि बेरेनिकी. दुसऱ्यावर एकटी आर्सिनोई, डोक्यावर पदर, कानाशी छोटं शिंग, मागे समृद्धीची दोन शिंगं एकत्र बांधलेली. तिच्या डोक्यामागे ‘कॅपा’ म्हणजे ‘क’ अक्षर असेल तर बारकाईनं बघा. अशी पुष्कळ नाणी ती वारल्यावर शंभरएक वर्षांनी, पुढच्या टॉलेमींच्या काळात पाडलेली आहेत.

बॅक्ट्रिया

आजच्या अफगाणिस्तानाच्या उत्तरेला डायोडोटसनं इ.स.पू. 250च्या सुमारास सेल्यूकसच्या घराण्यापासून फारकत घेतली. त्याच्या नाण्यांवर हे वेगळं होणं पायरीपायरीनं दिसतं. आधी चित्र नवं, वज्र फेकणारा झ्यूस, पण नाव अजून अँटिओकसचंच. मग नावही डायोडोटसचं. यांतल्या बऱ्याच स्टेटरांवर छिन्नीचा खोल घाव असतो. तो त्या काळच्याच कुणा पारख्यानं आत खरं सोनं आहे का हे बघायला मारलेला. घाव बुजवलेलं नाणं घेऊ नये, घावासकटचं घ्यावं.

याच राज्यातल्या युक्रेटिडीज राजाचं 20 स्टेटरांचं एक नाणं पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. वजन 169.2 ग्रॅम, म्हणजे साडेचौदा तोळे, व्यास 58 मिलिमीटर. प्राचीन जगातलं हे सगळ्यात मोठं ज्ञात सोन्याचं नाणं. ते बुखाऱ्याला मिळालं आणि तिसऱ्या नेपोलियननं ते फ्रान्ससाठी घेतलं.

खरं की बनावट

कड आधी बघा. ओतीव नकलेच्या कडेला सांध्याची रेघ किंवा ती घासून काढल्याच्या समांतर खुणा असतात. पृष्ठभागावर भिंगाखाली टाचणीच्या टोकाएवढे खड्डे आणि अक्षरांच्या मुळाशी मऊ गोलाई दिसली तर ओतकामाचा संशय घ्यावा. ठोकलेल्या खऱ्या नाण्यात धातू मधून कडेकडे सरकलेला असतो आणि अक्षरांच्या आसपास बारीक किरणांसारख्या रेघा दिसतात.

मग झीज. अथीनेचा गाल आणि शिरस्त्राणाचा उंच भाग झिजलाय पण खोलगट भाग करकरीत आहे, हे स्वाभाविक. उंच-खोल सगळंच सारखं बोथट असेल तर ते वापरानं झालेलं नाही.

कार्ल विल्हेल्म बेकर (1772 ते 1830) या जर्मन बनावटकारानं प्राचीन नाण्यांचे ठसे हातानं कोरले आणि पुष्कळदा खऱ्या धातूवर मारले. नाण्यांचा नवेपणा जावा म्हणून तो ती लोखंडाचा कीस भरलेल्या पेटीत घालून घोडागाडीच्या खाली बांधायचा आणि फिरायला न्यायचा. त्याचे ठसे बर्लिनला जपून ठेवले आहेत. अशा कामापुढे वजन आणि कस दोन्ही निरुपयोगी ठरतात. उपाय एकच: तुमच्यासमोरच्या नाण्याचा ठसा संग्रहालयातल्या नोंदींशी ताडून बघणं. एकाच ठशातून निघालेल्या दोन खऱ्या नाण्यांत चित्र तेच असलं तरी ते चकतीवर वेगवेगळं सरकलेलं असतं, कडेच्या भेगा वेगळ्या असतात. दोन नाण्यांची भेगसुद्धा एकाच जागी असेल, तर निदान एक नक्कल आहे.

कायदा

भारतात 1972च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं. केंद्र सरकारच्या परवानगीवाचून ते देशाबाहेर नेता येत नाही आणि पुरावस्तूंच्या विक्रीच्या धंद्याला परवाना लागतो. जमिनीत निधी सापडला तर 1878च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. परदेशी राहणाऱ्यांनीही ‘हे नाणं त्याच्या मूळ देशातून कधी आणि कसं बाहेर पडलं’ याचा कागद मागावा. कागद नसेल तर घेऊ नये. निधी चोरून खणला, की कुठलं नाणं कशासोबत होतं हे कायमचं पुसलं जातं, आणि टाकसाळी-सालं ठरवण्याचा सगळा आधार तोच तर आहे.

नोंद

शेवटी वही काढा आणि प्रत्येक नाण्याची नोंद एकाच साच्यात करा. नमुना असा: ‘मॅसिडोनिया, अलेक्झांडर तिसरा. सोनं, स्टेटर. 8.59 ग्रॅम, 18 मिमी, अक्ष 7. पुढे: शिरस्त्राणातली अथीना, उजवीकडे. मागे: नायकी डावीकडे, माळ आणि दांडा, लेख अलेक्सांद्रू, डावीकडे कानांचा प्याला. टाकसाळ: बहुधा अ‍ॅम्फिपोलिस.’ अक्ष म्हणजे पुढचं चित्र सरळ धरून नाणं उभ्या आसावर फिरवलं, की मागच्या चित्राचं डोकं घड्याळाच्या कितीच्या दिशेला येतं तो आकडा. टॉलेमींच्या नाण्यांत तो बहुधा 12 येतो, डायोडोटसच्या नाण्यांत 6. फिलिप-अलेक्झांडरच्या पुष्कळ नाण्यांत ठसे सुटे असल्यानं कोणताही येतो. फोटो दोन्ही बाजूंचे आणि कडेचाही काढा, उजेड डाव्या वरच्या कोपऱ्यातून येऊ द्या आणि शेजारी पट्टी ठेवा.